बाकवाले, चक्करवाले आणि कडुबा त्रिभुवन

कडुबा त्रिभुवन यांच्याशी आजवर कुणाचं एकमत झालेलं नाही. तुम्ही त्यांचं म्हणणं मान्य केलंत की ते लगेच बाजू बदलतात. गारखेड्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचं घर आहे. जाता जाता कुणी सहज म्हणालं, "यंदा ऊन लई कडक," तर कडुबाभाऊ फाटकावर कोपर टेकवून म्हणतात, "कशाचं कडक? आमच्या लहानपणी चपला डांबरात रुतून बसायच्या, माणूस अनवाणी घरी यायचा." समोरचा भला माणूस असला तर मान डोलावतो. "ते बी खरंच, आता तसं ऊन राहिलं नाय." त्यावर कडुबाभाऊ डोळे बारीक करतात. "असं कसं म्हणता? सावलीला एक झाड ठेवलं का कुणी? आता तर माणूस उभ्या उभ्या भाजून निघतो."

जन्म पिशोर गावचा. त्यांच्याआधीची भावंडं तान्हेपणीच गेली, म्हणून आत्यानं सांगितलं की ह्याचं नाव कडू ठेवा. कडू घास मरण गिळत नाही, थुंकून देतं. मरणानं खरंच थुंकून दिलं. बाजारच्या दिवशी आई भाजी घ्यायला निघाली की पोरगं बरोबर असायचं. आईनं भाव पाडायला सुरुवात केली की ते बागवानाच्या बाजूनं बोलायचं, आणि बागवान खूश होऊन हसला की आईच्या बाजूनं. हे पोर नक्की कुणाचं, असा प्रश्न दोघांनाही पडायचा.

शाळेत एकदा वादविवाद स्पर्धा होती. विषय होता, बैल बरा की ट्रॅक्टर. गावात नुकताच पहिला ट्रॅक्टर आला होता, त्याला घातलेला हार सगळ्या पोरांनी पाहिला होता, त्यामुळं बैलाची बाजू घ्यायला कुणी तयार होईना. गुरुजींनी कडुबाला उभं केलं. कडुबा म्हणाला, "बैल अडून बसला तर गोंजारून उठवता येतो, ट्रॅक्टरला किती बी गोंजारा. अन् ट्रॅक्टर शेण टाकत नाय, मग तुमच्या आया घर कशानं सारवतील?" पहिला नंबर आला. पुढच्या वर्षी गुरुजींना नवा विषय सुचला नाही, तोच ठेवला. कडुबानं ट्रॅक्टरची बाजू मागून घेतली आणि बैलाचा असा निकाल लावला की वर्गातल्या एका पोरानं घरी जाऊन वडलांना बैल विकायला सांगितलं आणि मार खाल्ला.

पुढं ते शहरात आले, नागसेनवनातल्या कॉलेजच्या वसतिगृहात राहून शिकले, आणि एसटीत कंडक्टर झाले. वरच्या जागेची परीक्षाही त्यांनी दिली होती. लेखी झाली चांगली. तोंडी परीक्षेत त्यांनी समोरच्या साहेबांचं म्हणणं खोडून काढलं. साहेब मोठ्या मनाचे होते, त्यांनी "बरोबर आहे तुमचं" असं कबूल केलं. तेव्हा कडुबाभाऊंनी तेही खोडून काढलं. ते कंडक्टरच राहिले, आणि त्याचं त्यांना कधी वाईट वाटलं नाही, कारण गाडीत माणसं भरपूर असायची.

पिशोरच्या गाडीला बाजारच्या दिवशी पाय ठेवायला जागा नसायची. लोक दारात कोंडाळं करून उभे राहायचे. बाकीचे कंडक्टर "आत सरका, आत सरका" म्हणून घसा बसवून घ्यायचे. कडुबाभाऊ मागच्या बाकावरच्या एखाद्या म्हाताऱ्याला तिकीट देताना हळूच विचारायचे, "बाबा, सरकारनं वीज फुकट द्यावी का?" बाबा म्हणायचे, "द्यावीच." मग त्याच्या पुढच्याला, "हे बघा, बाबा म्हणतात फुकट द्यावी. म्हणजे बिल तुम्ही भरायचं." बघता बघता मागं जुंपायची, आणि भांडण ऐकायला दारातले सगळे आत सरकायचे. कडुबाभाऊ मोकळ्या दारात उभं राहून वारा खायचे.

त्यांच्या पत्नी वच्छलाबाईंनी लग्नाच्या पहिल्याच वर्षी नवऱ्याचा कल ओळखला आणि त्याच्याशी वाद घालायचा नाही असं ठरवून टाकलं. मुलगी सरिता नाशिकला दिली. कडुबाभाऊ निवृत्त झाले. घरात आता दोघंच, आणि त्यातलं एक माणूस वाद घालत नाही. त्यामुळं कडुबाभाऊ रोज सकाळी बागेत जायला लागले.

बागेत चालायला फरशीचा गोल रस्ता आहे, मधोमध पत्र्याचं शेड, आणि शेडखाली सिमेंटचे बाक. तिथंच ज्येष्ठ नागरिक मंडळ भरतं. नावाला मंडळ एक, पण आत पक्ष दोन. जे येऊन बसतात ते बाकवाले आणि जे गोल फिरतात ते चक्करवाले. बाकवाले म्हणतात, चक्करवाले रोज एवढे चालतात पण पोचत कुठंच नाहीत. चक्करवाले म्हणतात, घरचा सोफा झिजला म्हणून हे लोक इथं येऊन सिमेंट झिजवतात. कोण कोणत्या पक्षाचा हे गुडघ्यांवर ठरलेलं. कडुबाभाऊ अर्धी चक्कर मारायचे आणि मग बसायचे, त्यामुळं दोन्ही पक्ष त्यांना आपला मानायचे.

मंडळात एक नियम मात्र कडक होता. इथल्या राजकारणावर बोलायचं नाही. मागं आमदारकीच्या निवडणुकीवरून दोघांनी शेडखाली एकमेकांच्या काठ्या ओढल्या होत्या, तेव्हापासूनचा हा नियम. पण माणसं निवृत्त, वेळ सकाळची, आणि पेपर वाचून झालेला. बोलायचं कशावर? त्या वर्षी अमेरिकेत अध्यक्षाची निवडणूक होती. मंडळ तिच्यावर तुटून पडलं. तिकडचे उमेदवार कुणाच्या भावकीतले नाहीत, कुणाला त्यांच्याकडून काही काम करून घ्यायचं नाही, आणि भांडण झालं तरी लग्नकार्यात तोंड दाखवायची पंचाईत नाही. तिथला एक पक्ष म्हणे सरकार मोठं असावं म्हणतो, दुसरा म्हणतो लहान. तिथं दोन्ही उमेदवारांना समोरासमोर उभं करून प्रश्न विचारतात आणि सगळा देश टीव्हीवर बघतो. ते बघून आमचे म्हातारे अगदी पेटले.

नेमके त्याच दिवसांत मंडळाचे अध्यक्ष बद्रीनाथअण्णा जायला निघाले. त्यांच्या मुलानं पडेगावला घर बांधलं, ते तिकडं राहायला चालले. मंडळाचा अध्यक्ष आजवर चहा पिता पिता ठरायचा. कुणीतरी म्हणायचं "अण्णाच राहू द्या", बाकीचे "राहू द्या" म्हणायचे. या वेळी अण्णाच नव्हते, आणि उमेदवार दोन निघाले.

बाकवाल्यांकडून तात्यासाहेब उभे राहिले. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले इंजिनियर, बोलणं मोजकं, इस्त्रीचा शर्ट. मंडळात ज्या काही समित्या होत्या त्या बहुतेक त्यांनीच काढलेल्या. वाढदिवस समिती, सहल समिती, चहा समिती, चहाच्या कपांची वेगळी समिती, आणि दुःखात धीर देणारी सांत्वन समिती. सदस्यांपेक्षा पदं जास्त झाली होती, त्यामुळं काही जणांना दोन-दोन सांभाळावी लागत. तात्यासाहेब निवडून आले तर बागेतल्या झाडांची समिती होणार, हे सगळ्यांना माहीत होतं.

चक्करवाल्यांकडून मनकर्णाबाई. नवरा लवकर गेला तेव्हा त्यांनी विद्यार्थ्यांसाठी खानावळ काढली आणि तिच्यावर दोन मुलं वाढवली. त्या तरातरा चालायच्या आणि तसंच बोलायच्या. त्यांचं म्हणणं, मंडळाला एक अध्यक्ष आणि एक किटली पुरे. समित्या सगळ्या बंद.

आता आपल्याकडंही अमेरिकेसारखं समोरासमोर व्हावं, ही कल्पना कुणाची? विचारलंत तर प्रत्येक जण दुसऱ्याचं नाव सांगतो, आणि शेवटी बोट कडुबाभाऊंकडंच जातं. रविवार ठरला. प्रश्न कडुबाभाऊंनी विचारायचे, हेही ठरलं. दोन्ही उमेदवारांनी त्यांचंच नाव सुचवलं होतं, कारण ते आपल्या बाजूचे आहेत अशी दोघांनाही खात्री होती.

हे ठरलं त्याच दिवशी दुपारी तात्यासाहेब कडुबाभाऊंच्या घरी आले. पाणी पिऊन झाल्यावर म्हणाले, "त्रिभुवन, मला भाषण येत नाही. आयुष्यभर फायलीवर शेरे मारले. जरा तयारी करून घेता का माझी?"

"घेतो की," कडुबाभाऊ म्हणाले. "पण वच्छला सोडून कुणाला कळता कामा नये."

दुसऱ्या दिवशी मनकर्णाबाई आल्या. "कडुबाभाऊ, मला बोलता येतं, पण मी चिडते. अन् चिडले की हरते. तेवढं शिकवा."

"शिकवतो. पण वच्छला सोडून कुणाला कळता कामा नये."

मग आठवडाभर हा खेळ चालला. सकाळी एक उमेदवार, दुपारी दुसरा. वच्छलाबाई दोघांना चहा द्यायच्या. एकदा मनकर्णाबाई फाटकातून बाहेर पडतात न पडतात तोच तात्यासाहेब कोपऱ्यावर दिसले, तेव्हा वच्छलाबाईंनीच त्यांना हाक मारून दारातल्या जास्वंदीवर कीड पडलीय का ते बघायला लावलं. रात्रीचं जेवण वाढताना त्या म्हणाल्या, "दोघं बी भले लोक हायेत. तुम्ही हे चांगलं नाय करायलात."

"मी दोघांना बी सारखंच शिकवतोय," कडुबाभाऊ म्हणाले. "यात वाईट काय? कुणावर अन्याय नाय."

शिकवणं मात्र मनापासून होतं. त्यात त्यांनी कसर ठेवली नाही. त्यांचा एक ठाम नियम होता. आपली बाजू पक्की करायची असेल तर आधी समोरच्याची बाजू घेऊन बोलायचं. त्यांनी तात्यासाहेबांना उभं केलं आणि म्हणाले, "समजा तुम्ही मनकर्णाबाई. समित्या कशाला नकोत ते मला पटवा."

तात्यासाहेब अडखळले. त्यांची पत्नी गेली तेव्हा सांत्वन समितीनं त्यांना सांभाळलं, म्हणून समित्यांवर त्यांचा एवढा जीव. पण उलट बाजूनं बोलायचं म्हणून ते शोधत शोधत बोलायला लागले. "समितीनं ठराव केला. समितीचं पत्र आलं. पण जेवणाचा डबा..." आतून कपबशा विसळल्याचा आवाज येत होता. "त्रिभुवन, डबा कोण आणत होतं हो रोज?"

"मला काय माहीत," कडुबाभाऊ म्हणाले. माहीत त्यांना चांगलंच होतं. डबा वच्छलाबाई करायच्या आणि ते स्वतः नेऊन दारात ठेवायचे.

तात्यासाहेबांनी आतल्या दाराकडं पाहिलं, आणि त्या दिवशी चहा अर्धाच घेऊन ते उठले.

मनकर्णाबाईंचंही तसंच झालं. "समजा तुम्ही तात्यासाहेब," म्हटल्यावर त्या आधी हसल्या. मग कंबरेवर हात ठेवून म्हणाल्या, "कामं वाटून दिली नाय तर काय होतं सांगू? माझी खानावळ होती. सगळं माझ्या एकटीच्या डोक्यात. मीठ कुठं, दळण कधी, कोणत्या पोराला कांदा चालत नाय. एकदा मला टायफॉइड झाला. माझ्या पोरांना चूल पेटवता येत होती, पण तांदळाचा डबा कुठला ते माहीत नाय. पोरं पंधरवडाभर वडापाव खात राहिली." बोलता बोलता त्यांचा कंबरेवरचा हात खाली आला. त्यांना हे उदाहरण आजवर कधी सुचलं नव्हतं, आणि सुचलं ते चुकीच्या बाजूनं.

कडुबाभाऊंना दोन्ही वेळा मोठा आनंद झाला. दोघांची तयारी उत्तम झाली, असं त्यांनी दोघांनाही सांगितलं.

रविवारी शेड भरलं. एका बाजूला बाकवाले बसले, दुसऱ्या बाजूला चक्करवाले उभे राहिले. खुर्च्या होत्या तरी उभेच राहिले, तत्त्वाचा प्रश्न होता. बद्रीनाथअण्णा पडेगावहून मुद्दाम आले. वच्छलाबाईही मंडळाच्या सदस्य होत्या, त्या मागं येऊन उभ्या राहिल्या. मधे दोन उमेदवार, आणि त्यांच्या मधे कडुबाभाऊ, गळ्यात मफलर, हातात कुणाच्या तरी नातवाचा खेळण्यातला माइक. त्याचा आवाज येत नव्हता, पण हातात काहीतरी असावं असं सर्वांचं मत पडलं.

"पहिला प्रश्न तात्यासाहेबांना," कडुबाभाऊ म्हणाले. "मंडळाचा कारभार मोठा असावा का लहान?"

तात्यासाहेब उभे राहिले. शर्टाची बाही सारखी केली. मग म्हणाले, "मी या आठवड्यात पुष्कळ विचार केला. मी निवडून आलो तर सगळ्या समित्या बरखास्त करणार. सांत्वन समिती पहिली."

बाकवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. चहा समितीच्या प्रमुखांनी वाजवल्या, कपांच्या समितीच्या प्रमुखांनीही वाजवल्या. आपला उमेदवार बोलून थांबला की टाळ्या वाजवायच्या, एवढंच ठरलेलं होतं.

"दुःखात समिती उपयोगी पडत नाही," तात्यासाहेब पुढं म्हणाले. "शेजार उपयोगी पडतो. शेजाऱ्याला पद दिलं की तो मीटिंगची वाट बघत बसतो." पुन्हा टाळ्या.

मनकर्णाबाई ऐकत होत्या. त्यांचा चेहरा लाल व्हायला लागला. कडुबाभाऊंनी माइक त्यांच्याकडं फिरवला, पण तोवर त्या उठल्याच होत्या.

"एक मिनिट थांबा. बरखास्त कशा करता? उद्या तुम्ही आजारी पडलात तर किटलीची चावी कुणाकडं? सहलीची गाडी कुणी ठरवायची? एका माणसाच्या डोक्यात सगळं ठेवलं की तो माणूस पडला की सगळंच बसतं. माझ्या घरात बसलंय. कामं वाटलेलीच बरी. समित्या राहणार. उलट आणखी एखादी लागेल."

चक्करवाल्यांनी शिट्टी वाजवली. समित्या बंद करा म्हणून महिनाभर गोल फिरत बोलणारे हेच लोक. एक जण शेजाऱ्याला म्हणाला, "बघा, कसं बोलली बाई. मी आधीपासून हेच म्हणत होतो."

कडुबाभाऊंनी आयुष्यात पुष्कळ वाद लावले होते. पण दोन्ही माणसं एकमेकांच्या जागी जाऊन पोचली आणि पाठीमागची गर्दी होती तिथंच टाळ्या वाजवत उभी राहिली, असं त्यांनी गाडीतसुद्धा पाहिलं नव्हतं. पुढचा प्रश्न विचारायचं ते विसरून गेले.

मागून वच्छलाबाईंचा आवाज आला. "आवं, मग आता मत कुणाला द्यायचं? मी समित्या नकोत म्हणून आले होते. माझा उमेदवार पलीकडं गेला."

बद्रीनाथअण्णा म्हणाले, "वहिनी, आपला पक्ष बघून द्या. विचारांचं काय, ते बदलत असतात."

हात वर करून मतं झाली. बाकवाल्यांनी तात्यासाहेबांसाठी हात वर केले, चक्करवाल्यांनी मनकर्णाबाईंसाठी. इकडचा एक तिकडं गेला नाही. वच्छलाबाईंनी मात्र तात्यासाहेबांना मत दिलं आणि तात्यासाहेबांनी लांबून त्यांना हात जोडले. चक्करवाले संख्येनं थोडे जास्त होते. मनकर्णाबाई अध्यक्ष झाल्या.

हार घालून झाल्यावर त्या बोलायला उभ्या राहिल्या. "मी आज चिडले, पण नीट चिडले. हे ज्यांनी शिकवलं, ते माझे गुरू कडुबाभाऊ, त्यांचे मी आभार मानते."

तात्यासाहेबांनी मान वर केली. "तुमचे गुरू?"

"व्हय. रोज सकाळी जायची मी त्यांच्याकडं."

"मी रोज दुपारी जायचो," तात्यासाहेब म्हणाले.

सगळ्यांच्या माना कडुबाभाऊंकडं वळल्या. कडुबाभाऊंनी तो न चालणारा माइक तोंडापुढं धरला आणि परत खाली घेतला. वच्छलाबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या. मग तात्यासाहेबही हसले. त्यांना हसताना मंडळानं फार दिवसांत पाहिलं नव्हतं.

मनकर्णाबाई हसल्या नाहीत. अध्यक्ष म्हणून त्यांनी तिथल्या तिथं पहिला निर्णय जाहीर केला. "लोकशाहीत विरोधी पक्षनेता लागतो. ते पद मी आजपासून काढते. कडुबाभाऊ दोन्हीकडून बोलतात, त्यांना एका बाजूला बसवा. मंडळात जो ठराव येईल त्याला त्यांनी विरोध करायचा. हे त्यांचं काम."

किटली आणि एक अध्यक्ष, एवढ्यावर कारभार भागवणार होत्या त्या बाईंची पहिलीच कामगिरी ही. कुणाच्याही ते लक्षात आलं नाही. टाळ्या दोन्ही पक्षांनी वाजवल्या.

कडुबाभाऊ घरी येताना शिट्टी वाजवत आले. त्यांना वाटलं, आपल्याला बक्षीसच मिळालं. पहिल्या सभेत चहात आलं घालावं असा ठराव आला. कडुबाभाऊ उठले आणि आल्याचे तोटे सांगितले. लोकांनी शांतपणे ऐकलं, कुणी चिडलं नाही, उलट कुणी बोललंच नाही. "विरोध नोंदवला," असं म्हणून मनकर्णाबाईंनी ठराव पास केला. दुसऱ्या सभेत तसंच. तिसऱ्या सभेला ते उठायच्या आधीच एकानं म्हटलं, "बोला कडुबाभाऊ, उरका तुमचं." त्यांचं मन विटलं. ठरवून दिलेला खोडसाळपणा म्हणजे दवाखान्यातली खिचडी. घरी येऊन ते वच्छलाबाईंना म्हणाले, "राजीनामा द्यावा म्हणतो." वच्छलाबाई म्हणाल्या, "द्या." त्यामुळं त्यांनी दिला नाही.

हिवाळ्यात सहलीचा ठराव आला. म्हैसमाळला जायचं, बस करायची, वाटेत हुरडा खायचा. मंडळ आनंदात होतं. मनकर्णाबाईंनी सवयीनं विचारलं, "विरोधी पक्षनेते?"

कडुबाभाऊ उठले. हात जोडले. "विरोधी पक्षाचा या ठरावाला पूर्ण पाठिंबा हाय."

शेडखाली चुळबुळ झाली. "काय म्हणाले?" असं मागच्या बाकावरून आलं.

"मनापासून पाठिंबा," कडुबाभाऊ म्हणाले. "गाडी हीच करा, दिवस हाच ठेवा, हुरडा त्याच शेतात खा. काही म्हणजे काही बदलू नका." आणि खाली बसले.

आता संशय घ्यायला एवढं पुरे होतं. बाकवाले म्हणाले, हा माणूस हो म्हणतो म्हणजे यात काहीतरी आहे. गाडीवाला याच्या ओळखीचा असेल. चक्करवाले म्हणाले, घाटात गाडी बंद पडत असेल आणि याला ते माहीत असेल, एसटीतला माणूस आहे. एका आजीबाईंनी विचारलं, हुरड्यानं पोट बिघडतं का. तासभर चर्चा झाली आणि एकमतानं ठराव फेटाळला. मंडळाच्या इतिहासात एकमतानं काही झालं ते तेवढंच.

त्यानंतर महिनाभर कडुबाभाऊंनी प्रत्येक ठरावाला पाठिंबा दिला आणि मंडळाचं एकही काम पुढं सरकलं नाही. शेवटी मनकर्णाबाई त्यांच्या घरी आल्या. चप्पल काढतानाच म्हणाल्या, "कडुबाभाऊ, सहलीला विरोध करा."

"मला तर सहल आवडते."

"मला माहीत हाय. म्हणून तर सांगते. तुम्हाला यायचंय का नाय?"

कडुबाभाऊंनी विचार केला. वच्छलाबाईंना म्हैसमाळ बघायचं होतं, हेही त्यांच्या ध्यानात होतं. पुढच्या सभेत ते उठले आणि सहलीविरुद्ध असे काही बोलले की म्हैसमाळ म्हणजे यमाचं अंगण वाटावं. लोकांचा जीव भांड्यात पडला. ठराव पास झाला. सहलीच्या दिवशी गाडीत पहिले येऊन बसले ते विरोधी पक्षनेते, खिडकीजवळ, वच्छलाबाईंसाठी जागा धरून. घाटात गाडी चढायला लागल्यावर त्यांनी मागच्या बाकावर एक प्रश्न हळूच सोडला, आणि वरती पोचेपर्यंत दोन्ही पक्ष भांडत होते.

सहलीनंतरची एक दुपार. वच्छलाबाई ओट्यावर गव्हातले खडे निवडत होत्या, कडुबाभाऊ शेजारी पाय पसरून बसले होते. वच्छलाबाई म्हणाल्या, "सगळ्यांना दोन्ही बाजूनं शिकवलंत. तुमचं स्वतःचं काय म्हणणं हाय? सरकार मोठं बरं का लहान?"

कडुबाभाऊ हसले. मग हसायचे थांबले. हा प्रश्न त्यांना असा सरळ, मागं काही डाव न ठेवता, आजवर कुणी विचारलाच नव्हता.

"डोंगरापलीकडं एक तांडा होता," ते म्हणाले. "माझी शेवटची फेरी तिथं मुक्कामाला जायची. रिकामी जायची गाडी. कधी एक म्हातारी, कधी कुणीच नाय. वरून सारखं विचारायचे, ही फेरी कशाला चालवता? सकाळी मात्र तिथून एक पोरगी चढायची. कन्नडला, तालुक्याच्या शाळेत. तिच्या एकटीसाठी गाडी, डायव्हर, मी. वाटेत ती माझ्याशी एक अक्षर बोलायची नाय, पुस्तकात डोकं घालून बसायची. हिशोबानं बघितलं तर येडेपणाच. पण ते बरोबर होतं, वच्छला. ते मला कुणी खोडून दाखवावं."

वच्छलाबाईंनी सुपातले गहू एकदा पाखडले. लग्नापासून पाळलेला आपला नेम त्यांनी त्या दुपारी मोडला.

"एका पोरीसाठी एवढी मोठी गाडी?" त्या म्हणाल्या. "तेवढ्यात कुणी तिला सायकल घेऊन दिली असती तर?"

"डोंगरात सायकल? काय बोलतेस तू?"

"नाय तर कन्नडला कुणा नातेवाइकाकडं राहिली असती. गाडी दुसरीकडं कामाला आली असती. भरलेल्या गाडीत लोक लटकत होते, तुम्हीच सांगायचे."

"तुला कळत नाय त्यातलं," कडुबाभाऊ म्हणाले. त्यांचा आवाज चढला होता. "तिचं कन्नडला कुणी नव्हतं. गाडी बंद केली असती तर शाळा सुटली असती तिची. यात दुसरी बाजूच नाय."

"बाजू तर दोन असतात. तुम्हीच म्हणता."

कडुबाभाऊ उठले. चपलेत पाय घालताना उजव्या पायात डावी घातली, ती काढून पुन्हा घातली, आणि फाटक आपटून बागेकडं निघून गेले. ऐन दुपारी बागेत चिटपाखरू नव्हतं. त्या दिवशी त्यांनी पूर्ण चक्कर मारली, आणि मग आणखी एक.

वच्छलाबाईंनी गहू डब्यात भरले. शेजारच्या बाईनं कुंपणावरून विचारलं, "काय झालं वो, भाऊ असे रागानं कुठं गेले?"

"काय नाय," वच्छलाबाई म्हणाल्या. "जरा वाद झाला आमचा." आणि हे सांगताना त्यांना इतकं बरं वाटत होतं की त्यांनी शेजारणीला चहाला आत बोलावलं.